वाचकांचे प्रश्न : लेकराचं रक्त आणि संशोधनाचा कागद

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा, वजन १५ किलो. निंदणीच्या दिवसांत ताप आला, मोठ्या दवाखान्यात स्क्रब टायफस (बारीक किडा चावून येणारा ताप) निघाला. आता खेळतो-खातो. तिथले डॉक्टर म्हणतात, अशा तापांवर अभ्यास चालू आहे, दोन आठवड्यांनी पुन्हा ५ मिली रक्त द्या आणि इथे सही करा. ताप उतरल्यावर रक्त कशाला? सासूबाई म्हणतात, पोराचं रक्त विकतील. (एक आई, कुरखेडा तालुका)

उत्तर : सासूबाईंना आधी चहाचा चमचा दाखवा. ५ मिली म्हणजे तेवढंच. मुलाच्या अंगात किलोमागे सुमारे ७५ मिली रक्त असतं, म्हणजे तुमच्या मुलात अकराशे मिलीच्या आसपास. त्यातलं हे अर्धा टक्कासुद्धा नाही. रक्तपेढीची पिशवी ३५० मिलीची असते. चमचाभर रक्त कुणाला चढवता येत नाही.

दुसऱ्यांदा रक्त घेण्याला कारण आहे. रक्तात जंतूविरुद्धची प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा लागतो, त्यामुळे तापाच्या पहिल्या दिवसांतली तपासणी कधी कधी खोटी ‘निगेटिव्ह’ येते. दोन ते चार आठवड्यांनी हेच प्रमाण चौपट झालेलं दिसलं, की तो ताप स्क्रब टायफसचाच होता हे पक्कं होतं. याचा तुमच्या मुलाला आता फारसा उपयोग नाही, पुढच्या मुलांना आहे. डॉक्टरांनी हे सरळ सांगायला हवं.

आता सही. डिस्चार्जच्या गर्दीत, बिलाच्या कागदांसोबत पुढे सरकवलेल्या कागदावर ती करू नका. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी न्या, दोन दिवस घ्या. रक्त किती वेळा घेणार, त्रास झाला तर खर्च कोण करणार, आचारसमितीचा (अभ्यास नीतीने चाललाय का हे बघणाऱ्या समितीचा) फोन नंबर काय, हे त्यात असलंच पाहिजे. अभ्यासासाठीच्या तपासण्यांचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. बसभाडं आणि बुडालेली रोजी मिळते का, तेही विचारा, लाजू नका. उरलेलं रक्त साठवून दुसऱ्या अभ्यासाला वापरण्याची संमती वेगळी असते. तिला ‘नाही’ म्हणून बाकीला ‘हो’ म्हणता येतं. वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण साक्षीदार अभ्यास करणाऱ्यांपैकी नको. सही झाली की एक प्रत तुमच्याकडे राहते. मध्येच नको वाटलं तर बाहेर पडा, त्यापायी उपचार थांबवता येत नाहीत.

मुलगा सात वर्षांखालचा असल्याने पालकांची संमती पुरते. सातनंतर मुलाचा तोंडी होकार लागतो, बारानंतर लेखी. अभ्यासात नवं औषध किंवा लस टोचणार असतील तर सीटीआरआय, म्हणजे देशातल्या अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक विचारा. त्या संकेतस्थळावर अभ्यासाची माहिती कुणालाही फुकट पाहता येते.

प्रश्न : गावात लठ्ठपणा आणि साखरेच्या अभ्यासाचं शिबिर आहे. मुलगी दहा वर्षांची. ‘उपाशी आणा’ म्हणाले. किती उपाशी? (एक वडील, तिवसा)

उत्तर : निदान आठ तास. रात्री नऊला जेवण, सकाळी सात-आठला रक्त. साधं पाणी चालतं, उलट पाजाच, म्हणजे शीर लवकर सापडते. चहा-टोस्ट चालत नाही, आणि वाटेत आजीने हातावर ठेवलेला गुळाचा खडाही नाही. इन्सुलिनवरची, कुपोषित किंवा नुकतीच तापातून उठलेली मुलं एवढा वेळ उपाशी ठेवू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

गडबड बहुतेक वेळा रक्त घेतल्यानंतर होते. नळीतल्या लाल पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. नळी तालुक्याला पोचेस्तोवर १०५ चा आकडा ९५ वर येतो आणि संशयाचं मूल ‘नॉर्मल’ ठरतं. म्हणून साखरेचं रक्त करड्या झाकणाच्या फ्लोराइडच्या नळीत घेतात. फ्लोराइडचाही पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात. तेव्हा नळी लगेच बर्फाच्या डब्यात जाते का, एवढं डोळ्यांनी बघा. टेबलावर उन्हात पडलेली दिसली तर बोला.

प्रश्न : स्क्रब टायफस घरी ओळखता येतो का? (एक आशाताई, साकोली)

उत्तर : नक्की नाही, पण खूण शोधता येते. चिगर माइट हा गवतातला बारीक किडा चावल्याच्या जागी विडीच्या चटक्यासारखी काळी खपली येते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून मूल सांगत नाही. कपडे काढून काख, जांघ, कानामागे आणि करदोड्याखाली बघा. करदोडा वर सरकवा, सगळ्यात जास्त तिथेच चुकतं. खपली नसली तरी आजार असू शकतो. बांधावर, गवतात, तणसाच्या ढिगाऱ्यावर खेळलेल्या मुलाचा ताप उतरत नसेल तर डॉक्टरांना हे आधी सांगा. डॉक्सीसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन हे औषध डॉक्टर संशयावरच सुरू करतात, रिपोर्टसाठी थांबत नाहीत. झटके आले किंवा मूल गुंगीत गेलं तर खपली शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. अशी लक्षणं चांदीपुरा विषाणूचीही असू शकतात. १९६५ मध्ये नागपूर भागात सापडलेला हा विषाणू वाळूमाशीतून पसरतो. त्यात काही तासांत मूल बेशुद्ध होतं.