भुताखेतांवर लाइव्ह शो घेणार असशील तर

अरे, "भूत असतं की नसतं" या वादात पडूच नकोस, अख्खा तास त्यातच जातो आणि मत कोणाचंच बदलत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या काकू फोनवर सांगतील की रात्री छातीवर कोणीतरी येऊन बसतं, हलता येत नाही, ओरडता येत नाही, तर आधी नीट ऐकून घे, त्या खोटं बोलत नसतात. मग विचार, उताण्या झोपला होतात का, झोप पुरेशी होते का. हे बहुधा स्लीप पॅरालिसिस असतं, त्यात आरईएम झोपेत, म्हणजे स्वप्नं पडतात त्या झोपेत, लुळे पडलेले स्नायू जाग आल्यावरही थोडा वेळ तसेच राहतात आणि स्वप्न डोळ्यांसमोर चालूच असतं, हे कळलं की माणसाला खरंच हायसं वाटतं रे.

ऑनलाइन जास्त जपावं लागतं, मधलंच वाक्य कापून फिरवतात, पूर्ण रेकॉर्डिंग स्वतःकडे ठेवच.

आणि कोणी शेजारच्या बाईचं नाव घेऊन तिला डाकीण म्हणालं की फोन तिथल्या तिथे कट, अशा आरोपांवरून बायकांचे जीव गेलेत आपल्या देशात. गुजरातेत 2024 मध्ये काळ्या जादूविरुद्ध कायदा झालाय, भोंदूने छळलं असं कोणी सांगितलं तर शो संपल्यावर त्यांच्याशी बोल, पोलिसात जायला सांग.