कॅडीच्या कामाले चालला तर

बापू, नागपूरले गोल्फच्या मैदानावर कॅडीच्या, म्हंजे खेळनाऱ्याची बॅग वागवून त्याले मदत कराच्या कामाले चालला ना? नुसती बॅग उचलून चालत नाही. खेळाच्या आधी क्लब, म्हंजे चेंडू माराच्या काठ्या, मोजजो. 14 च्या वर झाले तर दंड खेळनाऱ्याले बसते, शिव्या तुले.

खरं काम नजरेचं. चेंडू जिथं पडला तिथलं झाड ध्यानात धर, शोधाले 3 मिनिटंच भेटते. 2019 च्या आधी 5 होते, तवा जरा निवांत होतं. हुडकतानी तुह्या पायानं हलला तर भिऊ नोको, दंड नाही. पन तो पयल्या जागेवर ठेवा लागते. आन् साहेब मारासाठी पाय रोवत असन तवा चेंडूच्या मांगं, माराच्या दिशेच्या रेषेत उभा नोको राहू.

उन्हाळ्यात दुपट्टा डोक्याले, ओला टॉवेल क्लब पुसाले. एकच कपडा दोन्हीले वापरू नोको.