युद्धात सैनिकाच्या हातून चुकून नागरिक मारले गेले, तर नैतिक जबाबदारी कोणाची?

एकट्या गोळी झाडणाऱ्याची नाही. पण त्याची काहीच नाही, असंही मला म्हणवत नाही. चूक घडली कशी, हे आधी बघावं लागतं.

२९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनने एका पांढऱ्या टोयोटा कोरोलावर क्षेपणास्त्र डागलं. त्या गाडीवर कित्येक तास पाळत होती. चालक गाडीत पाण्याचे कॅन ठेवत होता, ती स्फोटकं समजली गेली. १० नागरिक गेले, त्यात ७ मुलं. सैन्याने चूक कबूल केली १७ सप्टेंबरला. शिक्षा कोणालाच झाली नाही, आणि हे मला आजही पचत नाही. इथे घाईगडबड नव्हती, बघायला वेळ होता. एकदा संशय डोक्यात बसल्यावर जे दिसेल ते त्यातच बसवलं गेलं. मग माहिती पुरवणाऱ्यापासून हुकूम देणाऱ्यापर्यंत सगळेच जबाबदार. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेला पहिला प्रोटोकॉल, म्हणजे पूरक करार, तर स्पष्ट सांगतो: शंका असेल तर माणूस नागरिकच धरायचा.

याउलट, सैन्याच्या तपासणी नाक्यावर इशारा देऊनही भरधाव येणारी गाडी, हाताशी दोन सेकंद, अशा वेळी गोळी झाडणाऱ्या सैनिकाला मी खुनी म्हणणार नाही. तरी मेलेल्याच्या घरच्यांना खरं काय घडलं ते सांगणं त्याच्यावर आणि त्याला तिथे पाठवणाऱ्यांवर बंधनकारक आहे.