६ उंदीर, ३०० पेशी: मिक्स्ड मॉडेल लावू की साधी टी-टेस्ट?

३ उंदरांना औषध, ३ उंदरांना नाही, आणि मोजलास पेशींचा आकार; त्या ३०० आकड्यांवर थेट टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींची तुलना) नको रे. प्रत्येक उंदराच्या ५० पेशी मोजल्या म्हणून एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) ३०० होत नाही, एकाच उंदराच्या पेशी एकमेकींसारख्या असतात, टी-टेस्टला ते कळत नाही आणि पी-व्हॅल्यू (औषधाचा परिणाम नसतानाही इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) उगाच छोटी येते. औषध उंदराला दिलंयस ना, मग खरी तुलना ३ विरुद्ध ३ उंदरांचीच. म्हणून मिक्स्ड मॉडेल लाव: औषध फिक्स्ड (ज्याचा परिणाम मोजायचाय), उंदीर रँडम (उंदरागणिक होणारा फरक), म्हणजे फॉर्म्युला असा: आकार ~ औषध + (१ | उंदीर). मॉडेल चालवल्यावर 'सिंग्युलर फिट' असा इशारा आला तर घाबरू नको, बहुधा मॉडेलच्या अंदाजात उंदरा-उंदरातला फरक शून्यावर गेलाय, इतक्या कमी उंदरांत होतं असं. खरं सांगू, प्रत्येक उंदराची सरासरी काढून त्या ६ आकड्यांवर टी-टेस्ट केलीस तरी उत्तर जवळपास तेच येईल. पुढच्या वेळी पेशी कमी मोज, उंदीर वाढव.