'प्राणवायूरोधक' म्हणावं का?

गोकर्णाच्या फुलांतल्या अँटिऑक्सिडंट संयुगांवर मराठीत लिहिताना 'प्राणवायूरोधक' हा शब्द चालेल का, असा प्रश्न आला आहे.

मी तरी वापरणार नाही. एक तर 'प्राणवायू'ला 'रोधक' जोडलं की वाचकाचाच श्वास अडकतो. दुसरं म्हणजे अर्थ चुकतो. ही संयुगं अडवतात ते ऑक्सिडीभवन, आणि त्यात प्राणवायू हवाच असं नाही. इलेक्ट्रॉन गमावणं म्हणजे ऑक्सिडीभवन. अँटिऑक्सिडंट रेणू मुक्त मूलकाला (म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या 'फ्री रॅडिकल'ला) स्वतःचा इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन अणू देऊन टाकतो. म्हणजे दुसऱ्याचं ऑक्सिडीभवन टाळायला स्वतःचं करून घेतो! (१९२०च्या दशकात मूरो आणि द्युफ्रेस हे फ्रेंच रसायनज्ञ 'अँटिऑक्सिजन' असंच म्हणत, तेव्हा तुमची चूक निदान खानदानी आहे.)

परिभाषेतला शब्द 'प्रतिऑक्सिडीकारक'. दिसायला ओबडधोबड, पण घडण पाहा. मधला 'ई' संस्कृतातल्या च्वि प्रत्ययाचा: जे आधी तसं नव्हतं ते तसं होणं. आपोआप झालं तर 'भवन', कुणी केलं तर 'करण'; म्हणून बाष्पीभवन, पण शुद्धीकरण. परक्या 'ऑक्साइड'लाही आपण हाच 'ई' लावला. 'प्रति' मात्र जरा दगाबाज. 'प्रतिसृष्टी'त तो 'तशीच दुसरी' असं सांगतो, 'प्रतिविषा'त 'उलट काम करणारं'. इथे दुसरा अर्थ घ्यायचा. लेखात हा शब्द एकदा द्या आणि पुढे खुशाल 'अँटिऑक्सिडंट' लिहा, फक्त अनेकवचनाला इंग्रजी 'स' नको. 'अँटिऑक्सिडंटांचं प्रमाण' मराठीत सहज बसतं.

तुम्ही अँथोसायनिनसाठी (फुलाफळांना रंग देणाऱ्या द्रव्यांच्या एका गटासाठी) सुचवलेला 'पुष्पनील' मला फार आवडला. मूळ शब्दही तसाच आहे: जर्मन औषधनिर्माता मार्क्वार्टनं १८३५ मध्ये ग्रीकमधल्या 'फूल' आणि 'निळा' या शब्दांपासून तो घडवला. पण याच गटातली रंगद्रव्यं लाल आणि जांभळीही असतात. गोकर्णाची निळाई ज्यांच्यामुळे येते ती टर्नाटिनंसुद्धा (नाव वनस्पतीच्या 'टर्नेशिया' या जातिनामावरून) अँथोसायनिनंच. त्या फुलांच्या निळ्या अर्कात लिंबू पिळलं की तो जांभळा-गुलाबी होतो. मग त्या पेल्याला काय म्हणायचं, पुष्पगुलाबी? नाव अँथोसायनिनच राहू द्या.