'प्रेडिक्टेड'ला मराठीत काय म्हणावे?

स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकून घेतल्या जाणाऱ्या श्वसनचाचणीचा अहवाल रुग्णांना मराठीत समजावून देणारे पत्रक लिहिताना एका वाचकांना प्रश्न पडला आहे : अहवालात 'प्रेडिक्टेड' या मथळ्याखाली जे आकडे असतात, त्यांना 'भाकीत मूल्य' म्हणावे, 'सामान्य मूल्य' म्हणावे की 'प्रमाण मूल्य'? त्यांच्या मसुद्यात 'वयाच्या प्रमाणात सामान्य मूल्य कमी होत जाते' असे वाक्य आहे आणि ते चालेल का, हेही त्यांनी विचारले आहे.

'भाकीत' आधी बाजूला ठेवू. मराठीत भाकीत असते ते पुढे घडणाऱ्या गोष्टीचे, पावसाचे किंवा निवडणुकीच्या निकालाचे. शिवाय ते नाम आहे आणि 'भाकीत मूल्य' या जोडीत त्याला उगाचच विशेषणाचे काम करावे लागते. अहवालातील हा आकडा भविष्याबद्दल काहीच सांगत नाही. तंत्रज्ञ यंत्रात वय, लिंग आणि पादत्राणे काढून मोजलेली उंची भरतो (पाठीला बाक असल्यामुळे ताठ उभे राहता येत नसेल, तर दोन्ही हात आडवे पसरून त्यांच्या टोकांमधील अंतरावरून उंचीचा अंदाज घेतात), आणि त्या वयाच्या व उंचीच्या निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तीने सरासरीने किती हवा बाहेर टाकली असती, याचा हिशेब यंत्र करते. एका विशिष्ट माणसाकडून अपेक्षा करावी असा हा आकडा आहे, म्हणून 'अपेक्षित मूल्य' हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो.

'प्रमाण मूल्य' मी टाळेन. 'प्रमाण' हा शब्द मराठीत आधीच साखरेच्या प्रमाणापासून प्रमाणभाषेपर्यंत राबतो आहे, आणि याच अहवालात पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा व एकूण फुंकलेली हवा यांचे गुणोत्तर दिलेले असते, त्यालाही बोलताना 'प्रमाण'च म्हटले जाते.

'सामान्य'ची अडचण अधिक खोल आहे. 'रिपोर्ट नॉर्मल आला' असे आपण घरीदारी म्हणतो, त्या 'नॉर्मल'च्या जागी 'सामान्य' बसवला की अपेक्षित आकड्याच्या खाली असणारा प्रत्येक जण आजारी ठरतो. प्रत्यक्षात तो आकडा साधारण मधला असल्यामुळे निरोगी माणसांपैकी जवळपास निम्मी माणसे त्याच्या खालीच असतात. आजाराची शंका घ्यायची ती सामान्य पातळीच्या खालच्या मर्यादेपाशी, आणि ही मर्यादा अशा ठिकाणी आखलेली असते की निरोगी लोकांपैकी केवळ ५ टक्के लोक तिच्या खाली जातील. झेड स्कोअरच्या, म्हणजे आकडा सरासरीपासून किती प्रमाण विचलने दूर आहे हे सांगणाऱ्या मापाच्या भाषेत ती उणे १.६४५ आहे. तेव्हा 'सामान्य' हा शब्द या मर्यादेसाठी राखून ठेवावा. 'नॉर्मल'साठी परिभाषेत असलेला 'प्रसामान्य' हा शब्द संख्याशास्त्रात शोभतो. रुग्णाच्या हातातील पत्रकात तो परकाच वाटेल.

सगळ्या लोकसमूहासाठी तयार केलेल्या कोष्टकाला किंवा समीकरणाला मात्र 'संदर्भमूल्ये' म्हणावे, कारण हा शब्द 'कोणाच्या संदर्भात?' हा प्रश्न जागा ठेवतो. १८४६ मध्ये जॉन हचिन्सन यांनी लंडनमध्ये दोन हजारांहून अधिक लोकांची मोजणी करून, उंची वाढते तशी श्वसनधारकता, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जास्तीत जास्त बाहेर टाकता येणारी हवा, वाढते हे दाखवले. पुढे निरनिराळ्या देशांत निरनिराळी समीकरणे झाली. मुंबईत कामत व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये भारतीय मानके प्रसिद्ध केली. २०१२ मध्ये 'ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्ह' या गटाने २६ देशांतील ७४ हजारांहून अधिक निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या लोकांच्या नोंदींवरून ३ ते ९५ वर्षे वयासाठी सलग समीकरणे दिली, पण त्यांत भारतीय उपखंडासाठी वेगळे समीकरण नव्हते. त्यानंतर वंशाचा रकानाच वगळणारी जागतिक समीकरणे आली. म्हणजे यंत्रात कोणते समीकरण निवडले आहे, यावर एकाच माणसाचे अपेक्षित मूल्य बदलू शकते. अहवालावर संदर्भाचे नाव छापलेले असते. पत्रकातही त्याचा उल्लेख असावा.

आता त्या वाक्याकडे वळू. 'वयाच्या प्रमाणात' म्हटले की वाढ किंवा घट सरळ रेषेत होते असा अर्थ होतो, आणि तसे होत नाही. फुंकण्याची क्षमता बालपणात व पौगंडावस्थेत झपाट्याने वाढते, विशीच्या सुमारास किंवा त्यानंतर थोड्याच वर्षांत शिखर गाठते आणि मग हळूहळू उतरते. पहिल्या सेकंदातील हवा प्रौढपणी वर्षाला सरासरी २५ ते ३० मिलिलिटरने घटते. पूर्वी मुलांची व प्रौढांची समीकरणे वेगळी असत, त्यामुळे मुलगा अठराचा झाला की त्याचे अपेक्षित मूल्य एका रात्रीत बदलल्याचे कागदावर दिसे. सलग समीकरणांनी हा सांधा बुजवला. म्हणून 'वयाच्या प्रमाणात' नव्हे, तर 'वयानुसार' म्हणावे, आणि 'कमी होत जाते' या शब्दांआधी 'विशीनंतर' असे घालावे.

राहिला टक्क्यांचा रकाना. तिथे '८२' असेल, तर 'अपेक्षित मूल्याच्या ८२ टक्के' असे '-च्या' प्रत्ययासह पूर्ण लिहावे. नुसते '८२ टक्के' वाचले की 'माझी फुप्फुसे ८२ टक्केच काम करतात' असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे.