आरपीजीत (पात्र घेऊन फाशांवर खेळायच्या खेळात) शत्रूला जादूचा प्रतिकार करता यावा का?

यावाच. शत्रूचा फासा चांगला पडला की जादूगाराची पाळी फुकट जाते, ही तुमची तक्रार रास्त आहे. पण दोष प्रतिकाराचा नाही, 'सगळं किंवा काहीच नाही' या निकालाचा आहे.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीच्या पाचव्या आवृत्तीत पाचव्या पातळीचा, बुद्धी १८ असलेला विझर्ड, म्हणजे जादूगार, घ्या. त्याच्या मंत्रातून सुटायला शत्रूला फाशावर गाठावा लागणारा आकडा ८ (ठरलेले) + ३ (पातळीचे) + ४ (बुद्धीचे), म्हणजे १५. समोरच्याला बोनस नसेल तर वीस बाजूंच्या फाशावर तो ३० टक्के वेळा सुटतो. फायरबॉलचं, म्हणजे आगीच्या गोळ्याचं, ठीक आहे, सुटला तरी अर्धा मार बसतोच. खरी पंचाईत होल्ड पर्सनसारख्या, शत्रूला जागीच जखडणाऱ्या मंत्रांची: सुटला तर काहीच नाही, अडकला तर लढाई जवळपास संपलीच.

पाथफाइंडर या दुसऱ्या आरपीजीच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) यावर फार छान तोड आहे. तिथे निकाल चार. शत्रूला संथ करणाऱ्या स्लो मंत्रातून तो साधा वाचला तरी एक फेरी त्याची एक कृती जाते. फसला तर मिनिटभर दर फेरीला एक, आणि सपशेल फसला तर दोन. पूर्ण सुटका फक्त फासा जोरदार पडला तरच.

इंदूरला रामबागेत आमचा रविवारचा डाव पाचव्या आवृत्तीवरच चालतो. तिच्यात आम्ही एक भर घातली: जखडणाऱ्या मंत्रातून सुटलेल्याचा वेग त्याच्या पुढच्या पाळीत निम्मा. परवा पहारेकऱ्याने १७ टाकले, सुटला, पण धोक्याच्या घंटेपर्यंत काही पोचला नाही. जादूगार खेळणारी मुलगी खुर्चीतून उठलीच!